८०० कॅलरींच्या आहारावर वजन का थांबते?

रोज ८०० कॅलरी आणि भरपूर प्रथिने घेऊनही चार महिन्यांनी आपले वजन थांबले आहे, असे आपण लिहिले आहे. शरीर हलके झाले की त्याचा ऊर्जाखर्च घटतोच. शिवाय लेप्टिन (चरबीच्या पेशींतून स्रवणारे) आणि टी-३ (थायरॉइड ग्रंथीचे) ही संप्रेरके उतरल्याने हा खर्च नुसत्या वजनघटीवरून अपेक्षित असतो त्याहूनही कमी होतो, आणि माणूस नकळत हालचाल आवरती घेतो. माझे मेहुणे अशा आहारावर असताना नाशिकच्या एप्रिलमधल्या संध्याकाळीही शाल पांघरून बसत आणि गोदाकाठचा रोजचा फेरफटका टाळत. प्रथिनांमुळे स्नायूंची झीज मंदावते, पूर्ण थांबत नाही. वजने उचलण्याच्या व्यायामाची जोड हवीच. इतक्या कमी कॅलरींच्या आहाराने पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हे पुढे चालवू नये, ही कळकळीची विनंती.