'प्रीपोन' असा शब्द इंग्रजीत खरंच आहे का? अर्थ, उगम आणि वापर सांगाल का?

आहे. 'असा शब्दच नाही' म्हणून जे झापतात, ते बहुतेक आमच्या जुन्या साहेबांच्या तालमीतले असावेत.

मी नोकरीत अगदी नवा होतो. बुधवारची मीटिंग सोमवारी घ्यायचं ठरलं आणि मी मेलमध्ये 'प्रीपोन्ड' लिहिलं. साहेबांनी सगळ्यांसमोर उभं केलं. "हा शब्द इंग्रजीत नाहीच. पोस्टपोनवरून आपल्याकडच्या कारकुनांनी पाडलाय." मग स्वतः शुद्ध इंग्रजीत मेल टाकला : मीटिंग 'मूव्ह्ड फॉरवर्ड बाय टू डेज'. आता फॉरवर्ड म्हणजे पुढे, आणि आपल्याकडे मीटिंग पुढे गेली म्हणजे ती लांबली! अर्धी टीम शुक्रवार धरून निवांत. सोमवारी खोलीत साहेब, मी आणि चहाचा थर्मास. व्हेंडर बिचारा शुक्रवारी ड्रॉइंग्ज बगलेत मारून हजर. बोलणी मीच खाल्ली, सगळ्यांना फोन का केला नाही म्हणून.

गंमत म्हणजे 'बुधवारची मीटिंग दोन दिवस फॉरवर्ड' म्हटल्यावर खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतही काही जण सोमवार म्हणतात, काही शुक्रवार. प्रीपोनमध्ये ही भानगडच नाही. ठरल्या वेळेच्या अलीकडे घेणे, एवढाच अर्थ.

उगमाचं म्हणाल तर लॅटिन 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. 'पोस्ट' नंतर, 'प्री' आधी. शाळेत घोकलेलं प्रीपोझिशन याच घराण्यातलं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 'समोर ठेवणे' या अर्थाने 1549 सालचा दाखला आहे, आणि आजच्या अर्थाचा 1913 चा, तोही न्यूयॉर्क टाइम्समधला. म्हणजे कारकुनांनी पाडलाय हे साफ खोटं. रुळवला मात्र आपण, आणि त्यात लाजायचं काय?

परीक्षा, लग्नाची तारीख, तिकीट, काहीही प्रीपोन करा. मराठीत बोलत असाल तर 'अलीकडे घेतली' म्हणा, तेही छान आहे.

हां, एक राहिलं. भारताबाहेर हा शब्द अनेकांना कळत नाही किंवा खटकतो. इंग्लंडच्या क्लायंटला लिहिताना 'ब्रिंग फॉरवर्ड' वापरा, पण शेजारी वार आणि तारीख टाकाच. आमच्या साहेबांनी नुसतं 'मंडे' लिहिलं असतं तरी भागलं असतं.