रविवार, शाळा आणि अमेरिकेची राज्यघटना

ताई, प्रभूच्या नावाने सलाम.

नंदुरबारहून परिचारिका म्हणून कुटुंबासह अमेरिकेत येण्याआधी तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: रविवारी उपासनेसाठी सुट्टी मिळेल का, गर्भपाताच्या कामात हात लावावा लागेल का, आणि हा ‘ख्रिस्ती देश’ असल्याने मुलांना शाळेत पवित्र शास्त्र शिकवतील का.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यामागचा समज मीही नवापूरहून येताना बरोबर आणला होता. अमेरिकेच्या घटनेने देशाला कोणताही धर्म दिलेला नाही. १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने सरकारला धर्म स्थापन करण्यास मनाई केली आणि लगोलग प्रत्येकाला आपला धर्म आचरण्याची मोकळीक दिली. म्हणूनच सरकारी शाळेने म्हणवून घेतलेली प्रार्थना १९६२ मध्ये, तर शास्त्रवाचन १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. त्याने मुलांचे भले झाले असे मला आजही वाटत नाही. मात्र तुमच्या मुलीने डबा उघडताना स्वतःहून हात जोडले, तर तिला कोणी अडवू शकत नाही. २०२५ मध्ये मेरीलँडमधील मुस्लिम आणि ख्रिस्ती पालक एकत्र न्यायालयात गेले, आणि आपल्या श्रद्धेला न पटणाऱ्या समलैंगिकताविषयक गोष्टींच्या तासाला मुलांना न बसवण्याची मुभा न्यायालयाने त्यांना दिली. खानदेशात अल्पसंख्य म्हणून वाढलेल्या आपल्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

गर्भपाताबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या डॉब्ज निकालाने, गर्भपाताला घटनात्मक हक्क ठरवणारा १९७३ चा रो निकाल रद्द केला, याबद्दल मी देवाचे आभार मानतो. परंतु त्याने देशभर बंदी आलेली नाही, निर्णय राज्यांकडे गेला आहे. टेक्सास आणि इलिनॉय यांचे कायदे परस्परविरोधी आहेत, तेव्हा नोकरीचे राज्य पाहून निवडा. केंद्राचा निधी घेणाऱ्या संस्थांतील कर्मचाऱ्यांच्या सद्सद्विवेकाला १९७३ पासूनच्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण आहे, पण ते मागावे लागते.

रविवारबद्दल माझा अनुभव कडू आहे. पहिल्या नोकरीत, एका वृद्धाश्रमात, मुलाखतीच्या वेळी संकोचाने मी काहीच बोललो नाही आणि पुढचे वर्षभर माझी उपासना बुडत राहिली. त्या काळी, सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या निकालामुळे, मालकाला थोडासा जरी भार पडला तरी तो नकार देऊ शके. पुढे पेनसिल्व्हेनियातील ग्रॉफ नावाच्या टपाल कर्मचाऱ्याने रविवारी पार्सले वाटण्यास नकार दिला आणि अखेर नोकरी सोडली; त्याच्या खटल्यात २०२३ मध्ये नऊही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, व्यवसायाच्या मानाने खर्चात भरीव वाढ होणार असेल तरच मालकाला नाही म्हणता येईल. हा नियम पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू आहे. रुग्णालयात रविवारीही रुग्ण असतातच, म्हणून प्रत्येक रविवार मोकळा मिळेल असे मी म्हणणार नाही. शनिवारी रात्रपाळी करण्याची किंवा सहकारिणीशी पाळी बदलण्याची तयारी ठेवलीत, तर तुमची बाजू भक्कम राहील.

करारावर सही करण्यापूर्वी या दोन्ही मागण्या ईमेलने कळवा आणि उत्तरही लेखीच घ्या. फोनवर मिळालेल्या होकारावर विसंबून मुलांना घेऊन विमानात बसू नका.