अंदमानची पाल ओळखायची? आधी सोलापुरातल्या ट्यूबलाइटखाली बसा

अंदमानच्या सहलीतल्या हिरव्या पालीचा फोटो दाखवून 'ही कोणती?' विचारताय, पण पंजा दिसत नाही. रंगावर जाऊ नका. दिवसा फिरणारी अंदमानी हिरवी पाल, म्हणजे फेल्सुमा अँडमानेन्सिस, घाबरली की काळपट पडते. आधी डोळा बघा: हिची बाहुली गोल, आपल्या घरातल्या पालीची उभी चीर. मग बोटांचा तळवा. घरपालीच्या म्हणजे हेमिडॅक्टिलसच्या तळव्याच्या पट्ट्या मधोमध दुभंगलेल्या, फेल्सुमाच्या अखंड. बोटं बारीक, वाकडी आणि पट्ट्यांची गादी नसलेली असतील तर सिर्टोडॅक्टिलस या पालींच्या दुसऱ्या गटाकडे वळा.

सराव घरीच, सोलापुरात करा. रात्री दिव्याजवळची पाल काचेच्या रुंद बरणीत अलगद घ्या आणि बाहेरून तळव्याचा फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा. पाच मिनिटांत सोडून द्या. शेपटी धरली तर तुटणारच.

सगळ्यात जास्त फसवते ती हीच शेपटी. घरपालीची एक जात म्हणजे फ्रेनाटस; तिच्या मूळ शेपटीवर काटेरी गाठींची कडी असतात. तुटून नव्याने आलेली मात्र गुळगुळीत. मग लोक तिला घरपालीची दुसरी जात, पिवळ्या पोटाची फ्लॅव्हिविरिडिस ठरवून मोकळे! अशा वेळी नराच्या मांड्यांखालची छिद्रं मोजा. फ्रेनाटसमध्ये ती एका मांडीपासून दुसरीपर्यंत सलग रांगेत, फ्लॅव्हिविरिडिसमध्ये दोन्ही बाजूंना वेगवेगळी, थोडीच. मादीत हा मार्ग बंद.

बेटावर मात्र पकडू नका, फोटोच घ्या: डोळा, पाठ, शेपटी, पंजा. ठिकाण आणि वेळ तिथल्या तिथे लिहा.