घरातली यंत्रं : ड्रम किती जोरात फिरावा?

प्रश्न : आमचं जुनं टॉप लोड मशीन कपडे कसे घुसळून काढायचं! गेल्या महिन्यात फ्रंट लोड घेतलं, तर ते अगदी संथ फिरतं. काचेसमोर बसून फेरे मोजले, मिनिटाला पन्नासेक भरले. मोटर कमजोर आहे का? वेग वाढवून मिळेल का?
– एक निवृत्त शिक्षक, मालवण

गुरुजी, मोटर ठणठणीत आहे. फेरे मोजलेत ते फार बरं केलंत, उत्तर त्या आकड्यातच आहे.

वहाळावर कपडा दगडावर आपटायचा तर आधी तो उचलावा लागतो. तुमच्या ड्रमच्या आत ज्या उंच पट्ट्या दिसतात त्या हेच उचलण्याचं काम करतात. कपडा वर जातो आणि माथ्याजवळून खालच्या साबणाच्या पाण्यात धपकन पडतो. ती आपट म्हणजेच धुणं. टॉप लोडमध्ये भरपूर पाण्यात कपडे घुसळले जातात, इथे थोड्या पाण्यात आपटले जातात. रीतच वेगळी.

आता वेग वाढवला तर काय होईल? पाण्याने भरलेला पोहरा हात ताठ ठेवून गरगर फिरवला, तर डोक्यावर आला तरी पाणी सांडत नाही. कपड्याचंही तेच. ड्रमचा व्यास ४८ सेंटिमीटर धरला तर हिशेब मिनिटाला साधारण ६१ फेऱ्यांवर येतो. त्यापुढे कपडा माथ्यावर जाऊनही सुटत नाही, ड्रमला चिकटून नुसता फिरत राहतो. आपट बंद, धुणंही बंद. उलट फार हळू फिरवलं तर कपडे तळातच लोळतात. नाजूक कपड्यांना मुद्दाम तसंच धुतात. म्हणून रोजच्या धुण्याला पन्नासच्या आसपास.

तरी कपडे मळके निघत असतील तर दोन गोष्टी बघा. ड्रम ठासून भरू नका, कपडे घातल्यावर वर एक वीत मोकळी हवी, नाहीतर पडायला जागा कुठली? आणि हाताने धुवायची पावडर वापरू नका. तिचा फेस गादीसारखा साचतो आणि कपडा त्या गादीवर पडतो.

प्रश्न : मे महिन्यात मुलाने नवीन फ्रंट लोड घेऊन दिलं. पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून मी स्पिन कायम १४०० वर ठेवते. गोधडी घातली की मशीन धडधडत पडवीत हातभर पुढे येतं. कधी स्पिन न करताच थांबतं, मग मी परत परत चालू करते. यात धोका आहे का?
– एक वाचक, गुहागर

आहे, ताई. ते परत परत चालू करणं आजच थांबवा.

मशीन थांबतं तो बिघाड नाही. पिळायच्या आधी ड्रम मिनिटाला शंभराच्या आतबाहेर फेरे घेऊन कपडे चहूबाजूंनी पसरवतो आणि तोल बघतो. एका बाजूला ओझं जास्त लागलं तर कपडे सोडून पुन्हा पसरवतो. काही वेळा करूनही जमलं नाही, तर पिळायला नकार देतो. तो नकार तुमच्यासाठी असतो.

कारण वेग दुप्पट झाला की बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. एका बाजूला फक्त अर्धा किलो जादा असेल, तर १२०० फेऱ्यांना तो जवळजवळ १९० किलो वजनाइतका ओढतो, १४०० ला २६० किलोइतका. तोही सेकंदाला २३ वेळा, दर वेळी नव्या दिशेला. गोधडी एकटीच असते, पाणी पिऊन जड होते, तिच्या समोरच्या बाजूला तोलाला काहीच नसतं.

आणि १४०० ने मिळतं तरी काय? एक किलो सुक्या सुती कपड्यांत ८०० ला साधारण ७००-७५० ग्रॅम पाणी उरतं, १२०० ला साडेपाचशेच्या आसपास, १४०० ला त्याहून थोडंसंच कमी. एवढ्याशा ओलाव्यासाठी जोर मात्र तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढतो. मला हा सौदा पटत नाही. पावसातही चादरी-टॉवेल १२०० वर पिळा आणि पंख्याखाली वाळत घाला. पातळ गोधडी दोन मोठ्या टॉवेलांसोबत, ८०० वर. जुन्या लुगड्यांची जाड वाकळ मशीनमध्ये घालूच नका.

रेनकोट, ताडपत्री, मेणकापड तर कधीच नको. आठ-नऊ वर्षांपूर्वी जयगडजवळच्या एका घरी मला बोलावलं होतं. होडीवर वापरायचे दोन जाड रेनकोट धुवायला टाकलेले. वरचं झाकण उडून भिंतीशी पडलं होतं आणि तोलासाठी बसवलेला काँक्रीटचा ठोकळा सुटून त्याने मागचा पत्रा आतून फाडला होता. घरची बाई सुदैवाने ओटीवर होती. असल्या कापडातून पाणी निघत नाही, घडीत अडकून राहतं. सुरुवातीला तोल बरोबर वाटतो, वेग चढतो, आणि ऐन वेगात एक घडी उघडून तिथलं पाणी निसटतं. हजार फेऱ्यांवर एका बाजूला तीन लिटर पाणी जादा झालं तर ती ८०० किलोची ओढ असते. तो पत्रा अजून डोळ्यांपुढे आहे, म्हणून इतकं लिहितो.

मशीन नवीन आहे, तर मागची बाजू नक्की बघा. तिथे प्लास्टिकची टोपणं असतील तर ठीक. बोल्टची डोकी दिसली तर वाहतुकीसाठी लावलेले बोल्ट काढायचे राहिलेत. ते असताना एकदाही चालवू नका. मग वरच्या पत्र्याचे समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबा. डुगडुगलं तर पाय कमी-जास्त करून नट आवळा. चाकांचा स्टँड असेल तर काढा, फ्रंट लोड थेट कोब्यावरच बसवा.

पुढे काही वर्षांनी स्पिनला घरघर ऐकू आली, तर ड्रमची कड धरून वर उचलून बघा. हाताला खडखड लागली तर वापर बंद. ड्रमच्या पाठीला तीन पायांचा अॅल्युमिनियमचा आधार असतो, साबणाचा थर आणि ओलावा त्याला खातो. उन्हाळ्यात विहिरीला खारं पाणी लागतं तिथे हा आधार मी लवकर गेलेला पाहिला आहे. धुणं झाल्यावर दार किलकिलं ठेवा, घरात लहान मूल असेल तर मात्र नजर ठेवून.

प्रश्न : कपडे धुऊन झाले तरी दार दोन मिनिटं उघडत नाही. भाऊ म्हणतो, लॉकची वायर थेट जोडून टाकू.
– एक वाचक, देवगड

भावाला आवरा. वायर थेट जोडली तर ड्रम फिरत असतानाही दार उघडेल, आणि पूर्ण वेगात ड्रमची कड ताशी शंभर किलोमीटरच्या वर धावत असते. त्यात टॉवेलचं टोक अडकलं तर हात सोडवायलाही वेळ मिळत नाही. बऱ्याच लॉकमध्ये आतला तुकडा गार झाल्यावरच खटका सुटतो, ती दोन मिनिटं त्याचीच.

दहा मिनिटांनीही उघडलं नाही तर बहुधा आत पाणी राहिलं आहे. प्लग काढा, पाणी कोमट होऊ द्या, खालच्या फिल्टरशी परात ठेवा आणि झाकण हळूहळू फिरवा. तिथे नाणं, बटण नाहीतर केसांचा पुंजका अडकलेला सापडेल.