नवीन फुटबॉल मॅनेजरचं यश क्लबच्या मालकावर आणि तिथल्या वातावरणावर किती अवलंबून असतं?

माझं विचाराल तर निम्म्याहून जास्त. टीम हरली की सगळे फॉर्मेशनवर बोलतात. मी आधी बघतो खेळाडू घ्यायचं कोण ठरवतं आणि जुना मॅनेजर कुठं बसलाय.

मँचेस्टर युनायटेडच्या मोयेसचंच घ्या. २०१३ ला जुना मॅनेजर फर्ग्युसन रिटायर झाला आणि मोयेस आला, त्याच उन्हाळ्यात सीईओ डेव्हिड गिलनंपण पद सोडलं, म्हणजे ट्रान्सफरचं, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचं सगळं बघणारा माणूसच गेला. अख्ख्या उन्हाळ्यात हाताला लागला मोठा खेळाडू कोण, तर शेवटच्या दिवशी एकटा फेलायनी. सहा वर्षांचा करार आणि दहा महिन्यांत घरी. वर फर्ग्युसन डायरेक्टर म्हणून स्टँडमध्ये, युनायटेडनं गोल खाल्ला की कॅमेरा त्याच्या तोंडावर.

जुन्या मॅनेजरची ती खुर्ची काय असते ते मला विचारा. मी मिरजेत एका मंडळाच्या टीमचा कोच होतो, नाव घेत नाही. पैसा सगळा अध्यक्षांचा, किट त्यांचं, कोल्हापूरला मॅच असली की गाडी त्यांची, मॅचनंतरचं जेवणपण त्यांचंच. माझ्या आधीच्या मास्तरांना 'मार्गदर्शक' करून टचलाइनला खुर्ची दिलेली. मी पोरांना महिनाभर घोकून घेतलं की खालून पास करत यायचं, गोलीनं उगं लांब मारायचा नाही, आणि मॅचला खुर्चीतून आवाज, "हाण की लका वर!" पोरगं माझ्याकडं बघायचं, खुर्चीकडं बघायचं, आणि हाणायचं. मास्तरांवर माझा राग नाही, निम्मी पोरं त्यांनीच घडवली. पण खुर्ची ठेवली कुणी? रात्री मी टीम लावायची आणि सकाळी व्हॉट्सॲपवर अध्यक्षांचा मेसेज, अमक्याला घ्या, त्याच्या वडलांनी वर्गणी दिलीय. सेमीफायनलला तर माझा गोली बसवून स्वतःचा भाचा उभा केला. दोन गोल त्याच्या पायाखालून गेले आणि गणपतीच्या आधी नारळ मला.

आमचे दाजी अजून प्रत्येक लग्नात पंगतीला बसले की चालू करतात, "कोचमध्ये धमक असली की टीम ऐकतीच." धमक! रानिएरीनं २०१६ ला लेस्टरला इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकून दिली, पुढच्या फेब्रुवारीत त्याला काढला. दी मात्तेओनं मे २०१२ ला चेल्सीला चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातला क्लबांचा सगळ्यात मोठा कप दिला, नोव्हेंबरात बाहेर. यांच्यात धमक नव्हती काय?

उलट आर्सेनलवाल्यांनी बघा, त्यांचा मॅनेजर अर्तेटा लागोपाठ दोन सीझन आठवा आला तरी हलवला नाही, पुढं तोच त्यांना दुसऱ्या नंबरला घेऊन आला. आणि लिव्हरपूल. मॅनेजर क्लॉपनं जानेवारी २०२४ मध्येच सांगितलं की सीझन संपला की जाणार, त्यामुळं नवा मॅनेजर स्लॉट यायच्या आधीच स्पोर्टिंग डायरेक्टर (खेळाडूंची खरेदी बघणारा) वगैरे सगळी घडी बसवलेली. त्या उन्हाळ्यात लगेच खेळायला म्हणून नवा खेळाडू आला एकटा किएसा, तोपण बराच काळ बेंचवर. तरी २०२४-२५ ची लीग जिंकले. मोयेसला फेलायनी, स्लॉटला किएसा, खरेदी सारखीच म्हणा की. फरक वरच्या माणसांचा.

आता कुणी म्हणेल युनायटेडची टीम म्हातारी झालेली आणि स्लॉटला सलाह, व्हॅन डाइकसारखे खेळाडू तयार मिळाले. बरोबर आहे. फर्ग्युसननं कधी स्टँडमधून आवाज दिला नाही, निरोपाच्या भाषणात नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहा असंच सांगून गेला, हेपण मान्य. आणि कोचच भिकार असेल तर मालक कितीपण चांगला असू दे, काय उपयोग नाही. कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉल टीमना यातलं काहीच लागू होत नाही, तिथं मालक म्हणजे अख्खी पेठ.

तर नवा मॅनेजर आला की त्याचा करार किती वर्षांचा ते बघत बसू नका, स्पोर्टिंग डायरेक्टर कोण आणि टीममध्ये कोणाकोणाचा हात चालतो ते बघा. आणि दाजी, हे वाचत असाल तर सेमीफायनलला गोली कुणी बदलला ते एकदा अध्यक्षांना विचारा, मग पंगतीत बोला.