कपाटातली बाग आणि पाण्याचं कूलिंग
कपाटात दिव्याखाली झाडं वाढवताय आणि तो दिवा पाणी फिरवून थंड करताय? मग रेडिएटर, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी, कपाटाच्या बाहेर ठेवा, बाकीचं नंतर बघू. ३०० वॅटचा एलईडी दिवा म्हणजे बंद कपाटात जवळपास ३०० वॅटचा हीटरच. पाणी ती उष्णता फक्त वाहून नेतं, संपवत नाही. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) लावलात तर पाणी फार गार करायची हाव धरू नका. पाणी दवबिंदूखाली (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमते, त्याच्या खाली) गेलं की नळ्यांना घाम फुटतो आणि थेंब नेमके वायरींवर! म्हणून एक्स्टेंशन बोर्ड उंचावर, वायरीला बोर्डाखाली झोल (म्हणजे थेंब तिथूनच खाली पडतील), आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. तांब्याचा ब्लॉक (दिव्याला लावलेला, आतून पाणी फिरणारा ठोकळा) नि अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात जोडू नका, अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. आणि हो, झाडं सोडतात ती वाफ अशा कूलिंगने जात नाही. छोटा एक्झॉस्ट फॅन लागतोच. झाडं नंतर. आधी दिवा बंद ठेवून दिवसभर नुसतं पाणी फिरवा, गळती बघा.