एमए हिस्टरीला आलायस ना, मग हे वाच

पहिल्या सेमिस्टरला सगळे करतात ते तू करू नको, म्हणजे 'पानिपतच्या पराभवाची कारणं' असा अवाढव्य विषय घ्यायचा आणि पाच पुस्तकांतलं एकत्र करून लिहायचं, त्यात तुझं म्हणणं कुठेच नसतं. प्रश्न छोटा घे, उदा. भाऊसाहेबांच्या छावणीतली पैशाची टंचाई पत्रांतून कशी दिसते. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी संपादलेले पेशवे दप्तराचे (पेशव्यांच्या सरकारी कागदपत्रांचे) 45 खंड आहेत, त्यातली पत्रं आणि बखर शेजारी ठेवून वाच, कोणी, कधी, कुणाला लिहिलंय ते बघ, पत्र त्या दिवसांतलं असतं, बखर मागाहून लिहिलेली, दोन्हींचं वजन सारखं नाही. आणि मोडी शिकच! 'इहिदे सितैन मया व अलफ' दिसलं की घाबरायचं नाही, अरबी शब्दांत लिहिलेलं 1161 आहे ते, शुहूर सन म्हणजे त्या काळच्या मराठी कागदांतली कालगणना, तिचं वर्ष मृगापासून सुरू होतं म्हणून महिना बघून 599 किंवा 600 मिळवायचे, मृग ते डिसेंबर 599, जानेवारी ते पुढचा मृग 600, म्हणजे जानेवारी असेल तर झालं 1761. मी इथेच चुकले होते, अख्खं प्रकरण परत लिहावं लागलं. तुझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारं पत्र सापडलं ना तर लपवू नको, त्याच्यावरच एक पॅरा लिही, व्हायवाला पहिला प्रश्न तिथलाच येतो.